पट्टी कुठली?

‘पट्टी कुठली?’ असं कुणी विचारलं तर उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याच्या हाताकडे बघून घ्यावं. हात पेटीच्या भात्यावर असला तर ‘काळी दोन’ म्हणून मोकळं व्हावं. हातात कात्री असली तर ‘त्याच कापडाची, आतून’. कानावर पेन्सिल आणि मिशीवर भुसा असला तर ‘सागवानी, पण फार रुंद नको’. आणि हातात पावतीपुस्तक असलं तर घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारावी आणि आपण आत जाऊन पंखा लावावा.

मराठीत अनेक अर्थांच्या शब्दांचा तुटवडा नाही. मात्रा वैद्य चाटवतो, तबलजी मोजतो आणि शुद्धलेखनवाले काका तिच्यासाठी संपादकांना पत्र लिहितात. घाट कुंभाराला मडक्यात दिसतो, एसटीच्या ड्रायव्हरला समोर दिसतो आणि जावयाला सासऱ्याच्या डोक्यात शिजताना दिसतो. पण हे शब्द घरंदाज. ते ज्याच्या त्याच्या ओसरीवर बसून असतात. पट्टी मात्र गावातल्या हरकाम्या माणसासारखी. ज्याला माणूस कमी पडला त्यानं तिला हाक मारली आणि तीही ‘आले’ म्हणून निघाली. मोल्सवर्थनं १८३१ मध्ये मराठीचा कोश छापला तेव्हा खेळपट्टी, धावपट्टी, झोपडपट्टी यांची त्याला गरजच पडली नसणार. नंतर आपल्याला पडली, तेव्हा आपण नवा शब्द घडवायच्या भानगडीत न पडता हिलाच पाठवून दिलं.

मूळ संस्कृत ‘पट्ट’. त्याच घराण्यातले पाट, पाटी, पटका आणि पट्टा. ‘पाटील’ हा शब्दही ‘पट्टकील’वरून आला असं अभ्यासक सांगतात. म्हणजे पट्टी गोळा करणारा आणि गोळा होणारी पट्टी एकाच कुळातले, त्यामुळे त्यांचं कधी वाकडं आलं नाही. वाकडं आलं ते देणाऱ्याचं.

धंदे निराळे असले तरी पट्टीची अंगलट एकच असते. लांबट, अरुंद, कशाच्या तरी कडेला किंवा वर बसवलेली. वस्तू मोठी, पट्टी चिमूटभर. आणि तरीही मराठी मुलखात भांडण होतं ते वस्तूवरून कमी आणि पट्टीवरून जास्त, असं माझं निरीक्षण आहे.

तालुक्याच्या गावी गाण्याचा कार्यक्रम होता. कार्यक्रमाआधी जेवणाच्या पंगतीत एका बाजूला गवई बसलेले, त्यांच्या शेजारी बाजार समितीचे एक संचालक. संचालकांनी पाहुण्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून विचारलं, “काय बुवा, यंदा पट्टी कशी काय?”

“उतरलीय थोडी,” बुवा म्हणाले. “वय झालं. शिवाय ही थंडी.”

“आमच्याकडंबी उतरलीच की. थंडीनंच घात केला.”

“पूर्वी काळी दोनला सहज जायचो. आता काळी एकवर आलोय.”

“काळीत एकच एकर राहिली?” संचालकांचा घास हातात थांबला. “बाकीची विकली का काय?”

“विकायची कशी? गळ्यातच नाही राहिली.”

“गळ्याशी आल्यावर कोण ठेवतंय हो,” संचालक कळवळून म्हणाले. “पण पांढरीतलं घर तरी ठेवा.”

“नाही, पांढरीत मी कधीच नव्हतो,” बुवा म्हणाले आणि त्यांनी मठ्ठा मागितला. दोघांचाही गैरसमज शेवटपर्यंत टिकला आणि दोघांनाही एकमेकांविषयी मनापासून वाईट वाटलं. काळी म्हणजे रान आणि पांढरी म्हणजे गावठाण, ही गावाची जुनी भाषा. पेटीवरही काळी आणि पांढरीच असते. एवढी सोय करून ठेवल्यावर संवाद घडणारच.

गाण्यातली पट्टी म्हणजे तुमचा ‘सा’ कुठे बसतो ते ठिकाण. बहुतेक पुरुष काळी एकच्या आसपास घुटमळतात, बायका काळी चार-पाचच्या. एकदा पट्टी ठरली की तानपुरा तिच्यात लागतो, पेटी तिच्यावर येते आणि तबलाही त्याच पट्टीचा लागतो. काळी चारच्या गायिकेपुढे खालच्या पट्टीचा तबला आला तर तो शोभेला ठेवून दुसरा शोधायला माणूस पाठवावा लागतो. गंमत अशी की वरच्या पट्टीचा तबला तोंडानं लहान असतो आणि खालच्या पट्टीचा मोठा. माणसांत हे उलटं आहे. मोठ्या तोंडाची माणसं हटकून वरच्या पट्टीत बोलतात. रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. पेटीच्या ठरीव स्वरांना मींड जमत नाही, श्रुती सापडत नाहीत, ही तक्रार. तक्रार खोटी नव्हती. पण तानपुरा कुठं लावायचा हे सांगायला अजूनही ‘काळी एक’च लागते. ज्या वाद्याला दाराबाहेर उभं केलं, पत्ता त्याच्याच भाषेत सांगायचा.

पट्टीचं खरं स्वरूप बघायचं असेल तर मैफलीला जाऊ नये, गणपतीत सोसायटीच्या आरतीला जावं. पहिली ओळ ज्यानं उचलली त्याची पट्टी, असा अलिखित नियम आहे आणि पहिली ओळ नेहमी तळमजल्यावरचे ते गृहस्थ उचलतात ज्यांना खालचा आवाज आहे. बायका दुसऱ्या कडव्यापर्यंत सोसतात, मग त्या आपली पट्टी लावतात. पोरं तिसरी लावतात. टाळांना पट्टी नसते. तिसऱ्या आरतीपर्यंत चार पट्ट्या एकाच वेळी चालू असतात आणि गणपती हे दहा दिवस ऐकून घेतो. त्याचे कान मोठे असण्यामागे नाइलाज असावा.

आता संचालकांची पट्टी. शहरातल्या वाचकासाठी सांगतो. शेतकऱ्यानं माल बाजार समितीत नेला, लिलाव झाला, काट्यावर वजन झालं की अडत्या जो हिशोबाचा कागद हातात देतो, त्याला पट्टी म्हणतात. वर गोण्या, वजन आणि भाव. खाली हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं. वरच्यातून खालचं वजा जाऊन उरेल ती रक्कम. ‘पट्टी किती आली?’ हा शेतकऱ्याच्या घरातला प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरावर लग्नाची तारीख, विहिरीची मोटर आणि पोराची फी अवलंबून असते. फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, पूर्वी शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जायची. जुलै २०१६ मध्ये सरकारनं ती खरेदीदारावर टाकली. पण पट्टीची खालची बाजू मोठी हुशार आहे, तिला रिकामं बसवत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन पट्टी आली २ रुपये ४९ पैशांची. वरचे ४९ पैसे व्यवहारात नसतात म्हणून गळाले आणि दोन रुपयांचा धनादेश मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. हा विनोद मी केलेला नाही. मी केला असता तर अतिशयोक्ती झाली म्हणून संपादकांनी कापला असता. धनादेश पुढच्या तारखेचा का, हा प्रश्न मला अजून सतावतो. दोन रुपये खात्यात जमवायला अवधी हवा होता, की एवढी रक्कम एकदम हाती पडली तर शेतकरी उधळेल अशी भीती होती?

याच शेतकऱ्याच्या दारात ग्रामपंचायतीचा शिपाईही ‘पट्टी’ म्हणतच येतो. घरपट्टी, पाणीपट्टी, कालव्याचं पाणी घेतलं असेल तर पाटबंधारेवाल्यांची आणखी एक पाणीपट्टी. अडत्याकडची पट्टी येते, पंचायतीची जाते. व्याकरणात दोन्ही स्त्रीलिंगी, एकवचनी. हिशोबाच्या वहीत मात्र दोन्ही एकाच बाजूला जाऊन बसतात.

पट्टी म्हणजे कर हा अर्थ जुना आहे. पेशवाईच्या कागदांत नियमित साऱ्याशिवाय बसवलेल्या नाना पट्ट्या सापडतात. सरकारला कर्ज झालं की कर्जपट्टी. आणि नेहमीचं वसूल करून वर काही घ्यायचं असलं की जास्तीपट्टी. हे नाव ठेवणाऱ्या कारकुनाविषयी मला आदर वाटतो. जास्ती घेतोय, म्हणून जास्तीपट्टी. आजच्या बिलांवर अधिभार असतो, उपकर असतो, सुविधा शुल्क असतं. सुविधा कुणाची, ते लिहिलेलं नसतं. एकदा तरी एखाद्या बिलावर सरळ ‘जास्तीपट्टी’ असं छापून यावं, मी रांगेत पहिला उभा राहून भरीन.

पट्ट्यांत सगळ्यांत कडक मात्र यात्रेची. तिला कायदा नाही, कलम नाही, व्याज नाही. यात्रा कमिटीची चार पोरं दारात येतात आणि घरटी ठरलेला आकडा सांगतात. घरपट्टी पाच वर्षं थकली तर नोटीस येते आणि तीही चुकीच्या नावावर. यात्रेची पट्टी थकली तर तमाशाच्या मध्यंतरात भोंग्यावरून नाव घेतात. मुंबईला नोकरीला असलेले भूमिपुत्र, ज्यांना आपल्या बिल्डिंगचा देखभाल खर्च भरायला तीन आठवणी लागतात, ते यात्रेची पट्टी चैत्राआधी मोबाइलवरून पाठवतात. वसुली कशी करावी हे पालिकांनी या कमिट्यांकडून शिकायला हवं. भोंगा एक घ्यावा लागेल, बाकी खर्च नाही.

शाळेतली पट्टी वेगळी, पण भीती तीच. फूटपट्टी बारा इंचांची, एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. देशात मेट्रिक मापं येऊन साठ वर्षं उलटली, पण ‘तीस सेंटिमीटरची दे’ असं म्हणणारं पोर मी पाहिलेलं नाही. आमच्या पिढीत या पट्टीचे दोन उपयोग होते. आडवी धरली की रेघ, उभी धरली की शिस्त. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानं दुसरा उपयोग बंद केला, हे फार चांगलं झालं. आता पट्टी फक्त मोजते.

आणि मोजण्यावरूनच केवढा घोळ होतो बघा. भारताची किनारपट्टी ७,५१६ किलोमीटर, हे आपण पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, गुण मिळवले. गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात ती ११,०९८ किलोमीटर झाली. समुद्र तोच, वाळू तीच. महाराष्ट्राची जुन्या सरकारी यादीत ६५३ च्या आसपास होती, ती ८७८ च्या घरात गेली. शाळेत आम्हाला ७२० शिकवलं होतं, म्हणजे आम्ही आधीही चुकलो होतो आणि नंतरही. यात लबाडी काही नाही. पूर्वी ढोबळ नकाशावरून मोजलं होतं, आता बारीक नकाशावरून. ढोबळ मापात एका दमात ओलांडल्या गेलेल्या खाड्या, खोबणी, खडकांची टोकं आता सगळी हिशोबात आली. मांडेलब्रॉट नावाच्या गणितज्ञानं १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं. मोजपट्टी जेवढी आखूड, किनारपट्टी तेवढी लांब. कोकणातल्या माणसाला हे गणित मुळातच अवगत असतं. सामायिक जमिनीची मोजणी तो पिढ्यानपिढ्या असल्याच बारकाईनं करत आला आहे.

खेळपट्टीला तो धोका नाही. ती २२ यार्ड लांब आणि १० फूट रुंद, जगभर. म्हणजे ६६ गुणिले १०, एकूण ६६० चौरस फूट. एक गुंठा असतो १,०८९ चौरस फुटांचा. गुंठाभरसुद्धा नसलेल्या या जमिनीवरून दोन देश भांडतात, पाच दिवस चर्चा होते आणि समालोचक तिच्यात किल्ली खुपसून बघतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्याची पहिली कसोटी झाली. ऑस्ट्रेलियाच्या ओकीफनं पहिल्या डावात ३५ धावांत सहा बळी घेतले आणि दुसऱ्या डावातही ३५ धावांतच सहा. आपण १०५ आणि १०७ धावांत आटोपलो आणि तीन दिवसांत ३३३ धावांनी हरलो. आयसीसीनं खेळपट्टीला ‘खराब’ शेरा दिला. शेरे देणं हा आजवर पुण्याचा हक्क होता. बाहेरच्यानं येऊन पुण्याला शेरा द्यावा आणि पुण्यानं तो ऐकून घ्यावा, असं त्याआधी फारसं घडलं नसेल.

तेव्हा बांधाच्या पट्टीवरून भांडणाऱ्या भावकीला हसू नये. दोन भावांच्या रानांमध्ये दीड हात रुंदीची गवताची पट्टी असते. तिच्यात काही पिकत नाही, शेळीसुद्धा तिथं थांबत नाही. दरवर्षी नांगर एक वीत आत सरकतो, मग मोजणीवाले येतात, खुणेचे दगड रोवतात, आणि रात्रीतून दगडांना पाय फुटतात. पट्टीची किंमत काही हजार आणि वकिलाची फी त्याच्या कितीतरी पट, हे दोघांनाही माहीत असतं. पण प्रश्न पट्टीचा असतो.

तो खटला पुढे जिथं जातो तिथंही पट्टी होती. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नवी मूर्ती बसवली. तिचे डोळे उघडे आहेत, हातात तलवारीऐवजी संविधान आहे, तराजू कायम आहे. गांधारीनं आपल्या हातानं बांधलेली पट्टी आयुष्यभर सोडली नाही. इथं निदान ती सुटली. आता बांधाची पट्टी दिसायला हरकत नसावी, तारीख मिळाली की.

डोळ्यांवरची आणखी एक पट्टी म्हणजे गुन्हेगारी बातम्यांच्या फोटोतली काळी. ओळख लपावी म्हणून ती घालतात. कपाळ दिसतं, मिशी दिसते, शर्ट दिसतो, मागे दुकानाचं नाव दिसतं. सगळा गाव ओळखतो. ओळखत नाही तो फक्त तोच, कारण त्याला वाटतं आपण पट्टीमागे आहोत.

दवाखान्यातल्या पट्टीवर मी फार बोलत नाही, तिथं तिचं काम प्रामाणिक आहे. ताप आला की आई कपाळावर ठेवायची ती ओल्या फडक्याची घडी, गुडघा फुटल्यावरची पांढरी, आणि साखर तपासणाऱ्या यंत्रात घालायची ती आताची इवलीशी, जी डबीतून काढताना दोन खाली पडतात. बिघडली ती पट्टी राजकारणात गेल्यावर. तिथं तिला मलम जोडून मलमपट्टी केली आणि जखम मोठी असली की हमखास हीच करतात. अवकाळी पावसानंतर पाहणी, पाहणीनंतर पंचनामा, पंचनाम्यानंतर मलमपट्टी. ती बांधल्याची बातमी वाहिनीच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत दिवसभर फिरते.

शिंप्याच्या पट्ट्या मात्र ऐकायलाही सुरेख. काजपट्टी, बटणपट्टी, कमरपट्टी आणि गळ्याला लावायची ती उरेब पट्टी, कापडाच्या तिरक्या धाग्यावर कापलेली, वळणाला न चुरगळता वळणारी. सुताराची गणेशपट्टी तर दारावरच बसते, येणाऱ्याला आधी नमस्कार करायला लावते. आणि झोपडपट्टी? १९७१ चा राज्याचा कायदाच तिच्या नावानं आहे. पण हे नाव ज्यानं दिलं त्यानं ती रेल्वेच्या डब्यातून बघितली असावी, रुळांकडेची एक रांग. धारावी दोन चौरस किलोमीटरांहून मोठी आहे. तिला पट्टी म्हणणं म्हणजे आपण अजून खिडकीतूनच बघतो आहोत.

आता एवढं सगळं करून पट्टीला मिळालेला एकच सन्मान सांगतो. एखादा कसलेला असला की आपण त्याला पट्टीचा म्हणतो. पट्टीचा पोहणारा, पट्टीचा वक्ता, पट्टीचा खाणारा. ज्याला आपण ‘पट्टीचा’ म्हणतो त्याची पट्टी कुठली, हे मात्र कुणी विचारत नाही. पट्टीचा थापाड्याही म्हणतो आपण, आणि तेही जरा कौतुकानंच. फक्त पट्टीचा करदाता असं कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. तो मान अजून शिल्लक आहे, ज्याला हवा त्यानं घ्यावा. ३१ मार्च जवळ आला की पाणीपट्टीच्या खिडकीवर रांग वाढते आणि दुपारी जेवणाच्या वेळेला ती खिडकी बंद होते, तेव्हा सकाळीच जा आणि सुट्टे पैसे घेऊन जा.